उभं राहिलं की नाडी १२०च्या वर, आडवं झालं की ७२. ईसीजी नॉर्मल. नाशिकमध्ये अजून कोणाला असं होतंय का?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज स्वतःचंच रडगाणं घेऊन आलेय. वय २८, इंदिरानगरला राहते, शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला, प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या होत्या, पाच दिवस अ‍ॅडमिट आणि मग घरी दोन आठवडे नुसतं पडून. बरी झाले म्हणून शाळेत गेले तर पहिल्याच दिवशी परिपाठाला उभी असताना राष्ट्रगीत कसंबसं झालं, प्रतिज्ञा सुरू झाली आणि कानात दडे बसल्यासारखं व्हायला लागलं, डोळ्यांपुढे कडेकडेनं अंधार आणि छातीत अशी धडधड की साडी हलताना दिसत होती. स्टेजच्या पायरीवर बसले तेव्हा थांबलं. पोरं हसली, ते वेगळंच.

आता जानेवारी संपत आला, चार महिने झाले, तरी रोज तेच. पोळ्या करायला ओट्याशी उभी राहिले की चौथ्या-पाचव्या पोळीला खाली बसावं लागतं. गरम पाण्यानं आंघोळ करून उठलं की पाच मिनिटं दाराला टेकून. परवा हळदीकुंकवाला एका घरी वाण घ्यायला रांगेत उभी होते तर पाय खालून जांभळट झालेले माझ्या जावेला दिसले, मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. झोपून राहिलं की मात्र काही म्हणजे काही होत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं हिला कामाचा कंटाळा आलाय.

डॉक्टर दोन झाले. पहिल्यांनी कॉटवर झोपवून ईसीजी काढला, नाडी ७८ आली, बीपी ११०/७०, म्हणाले सगळं नॉर्मल आहे, नवीन लग्न झालंय ना, टेन्शन घेऊ नका, आणि बी-कॉम्प्लेक्स आणि मन शांत राहायची एक गोळी. दुसऱ्यांनी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तीही नॉर्मल, तिचे पैसे मात्र नॉर्मल नव्हते. साबांनी (सासूबाईंनी) मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

शेवटी रविवारी नवऱ्यानं घरच्या बीपी मशीनवर मोजलं. दहा मिनिटं झोपून नाडी ७२, बीपी ११२/७०. उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला १०१, तिसऱ्याला १०९, पाचव्याला ११६, दहाव्याला १२४ आणि बीपी ११४/८०. म्हणजे बीपी पडत नाहीये पण नाडी ५२नं वाढतेय. हे काय आहे? कोणत्या डॉक्टरकडे जायचं? आणि एप्रिलमध्ये नाशिकचं ऊन सुरू झाल्यावर माझं काय होणार ही भीती वेगळीच, कारण आत्ता या थंडीत हे हाल आहेत.

सातपूरकर:

ताई, एकदम उठलं की चक्कर सगळ्यांनाच येते ना, मलाही नाईट शिफ्ट करून झोपेतून ताडकन उठलं की होतं. लोह कमी असेल. बीट-खजूर खा.

ताकपीठ:

@सातपूरकर दादा, ते वेगळं. ताडकन उठल्यावर जे होतं ते पंधरा-वीस सेकंदांत ओसरतं. साधारण माणसाची नाडी उभं राहिल्यावर १०-१५नं वाढते आणि तिथेच स्थिरावते. हिची दहाव्या मिनिटालाही चढतेच आहे.

@गोदाकाठची, तुझे आकडे वाचून मला माझीच जुनी वही आठवली. मी ३५, गंगापूर रोडला राहते, २०२१ला कोविड झाला तेव्हापासून मला हे आहे आणि त्याला नाव मिळायला मला दीड वर्ष लागलं. नाव आहे पॉट्स, पूर्ण नाव पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. तुला आहेच असं मी म्हणत नाहीये, मी डॉक्टर नाही, पण विचारायला तर हरकत नाही. व्याख्या साधी आहे, झोपून उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा जास्त वाढायला हवी आणि वाढलेली राहायला हवी, त्या वेळात बीपी पडता कामा नये, सोबत ही चक्कर-धडधड हवी, हे सगळं निदान तीन महिने चाललेलं हवं आणि त्याला दुसरं कारण सापडता कामा नये. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात.

होतं काय तर आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायात उतरतं. तिथल्या रक्तवाहिन्यांनी आवळून ते वर ढकलायचं असतं. त्या नीट आवळत नाहीत, किंवा अंगात मुळात रक्ताचं पाणीच कमी असतं, मग बिचारं हृदय जोरात पळून ती तूट भरून काढतं. म्हणजे चूक हृदयाची नाहीच, म्हणून इको नॉर्मल. आणि ईसीजी झोपवून काढला तर त्यात दिसणार काय, गाडी गॅरेजमध्ये उभी करून चढावर दम टाकते का ते कसं कळेल!

मला पण टेन्शनच सांगितलं होतं. एकानं तर माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला सांगितलं, वहिनींना जरा फिरायला न्या. नेलं की, सप्तशृंगी गडावर, रोपवेच्या रांगेतच खाली बसले.

आता कामाचं. पुन्हा मोज, पण सकाळी, चहाच्या आधी, पोट भरलेलं नको. शांत झोप दहा मिनिटं, मग भिंतीपासून टाचा वीतभर पुढे ठेवून पाठ नुसती टेकवून उभी राहा, पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही, दर मिनिटाला नाडी आणि बीपी, दहा मिनिटं. शेजारी कोणीतरी उभं हवंच, आणि फार गरगरलं तर तिथेच थांबवायचं, शौर्य नको. ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी पडून आहेत पण बोटं गार असली किंवा मेंदी गडद असली तर तो काहीही दाखवतो, बीपी मशीनच बरं. असं तीन-चार वेगवेगळ्या दिवशी कर, तारीख-वेळ-पाळीचा कितवा दिवस हे सगळं एका कागदावर लिही आणि तो एक कागद डॉक्टरांपुढे ठेव. दीड वर्ष मी तोंडानं सांगत होते, कोणी ऐकलं नाही. कागद ठेवला त्या दिवशी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, इथे उभ्या राहा बरं.

निवृत्त_एकलहरे:

ताई, अनुभवाचे बोल म्हणून सांगतो. नेटवर वाचून आजारांची नावं स्वतःला लावून घेऊ नयेत. आमच्या वेळी अशक्तपणा म्हणायचे आणि माणूस बरा व्हायचा. रोज अनुलोम-विलोम, शवासन करा. आणि पुढे कोणीतरी मीठ जास्त खा असं सांगेलच, ते अजिबात ऐकू नका. मला १२ वर्षं बीपी आहे, मीठ म्हणजे विष हे मी भोगून सांगतोय.

रेसिडेंट_रात्रपाळी:

काका, शवासनात तर ताईंना काही होतच नाही, तीच तर तक्रार आहे :) पण मिठाचा तुमचा मुद्दा तुमच्यापुरता शंभर टक्के खरा, म्हणून तोच आधी घेतो.

मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे, इथे कोणाचं निदान करणार नाही, फक्त काय तपासून घ्यायचं ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पॉट्स असलेल्यांना मात्र बऱ्याचदा ८-१० ग्रॅम आणि २ ते ३ लिटर पाणी सांगतात, कारण मीठ पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचं आकारमान वाढतं. पण हे बीपी, किडनी, हृदयाचा आजार नाही याची खात्री झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. घरात सासूबाईंना बीपी असेल तर भाजीत मीठ वाढवू नका, आपल्या ताटात वेगळं घ्या. आणि ते लो-सोडियम मीठ मिळतं ते यासाठी उपयोगाचं नाही. सैंधव महाग असलं तरी शेवटी सोडियम क्लोराइडच.

त्याआधी दुसरी कारणं. रक्ताच्या तपासण्या करून घ्या: सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरे), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, शुगर, क्रिएटिनिन (किडनी) आणि सोडियम-पोटॅशियम. नवीन लग्न म्हणालात, तर प्रेग्नन्सी टेस्टही, लाजू नका, उभं राहिल्यावर धडधडण्याचं ते एक अगदी साधं कारण आहे. पाळीत फार जातं का? सर्दीच्या किंवा वजनाच्या गोळ्या, दम्याचा पंप, असलं काही चालू आहे का? तीन आठवडे कॉटवर पडून राहिलेल्या कोणाचीही नाडी काही दिवस अशी पळते, म्हणून तर तीन महिन्यांची अट आहे, ती तुमच्या बाबतीत उलटून गेलीय.

अजून एक फरक लक्षात ठेवा. झोपेत किंवा बसल्याबसल्या बटण दाबल्यासारखी नाडी एकदम १६०-१८० होत असेल आणि तशीच एकदम थांबत असेल तर तो वेगळा प्रकार असू शकतो, त्यासाठी होल्टर लावतात, म्हणजे दिवसभर अंगावर राहून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. पॉट्समध्ये ती चढते आणि उतरते, उडी मारत नाही. आणि हे असेल तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा: पळताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, काळी शी होणं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं.

डॉक्टर म्हणाल तर आधी फिजिशियन, मग कार्डिओलॉजिस्ट, शक्यतो हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारी बघणारे. टिल्ट टेबल टेस्ट, म्हणजे टेबलाला बांधून ६०-७० अंशात उभं करतात ती, सगळीकडे होत नाही आणि दर वेळी लागतेच असंही नाही, नीट केलेली दहा मिनिटांची उभं राहायची चाचणी पुष्कळदा पुरते. आणि काका, हे नेटवरचं नवीन खूळ नाही. हे नाव १९९३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी रूढ केलं, आणि त्यांच्याकडच्या यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये अशाच तक्रारी दा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं १८७१ सालीच लिहून ठेवल्यात. आपल्याकडे अशक्तपणा म्हणायचे, बरोबर आहे, पण सगळे बरे होत होते का ते कोणी मोजलं नाही.

निवृत्त_एकलहरे:

ठीक आहे डॉक्टर. मीठ प्रत्येकाचं वेगळं, मान्य. प्राणायाम मी सोडणार नाही.

मखमलाबादचा_बाप:

माझ्या मुलीचं सांगतो, वय १५. तिला तर शाळेतून नाटकी म्हणायला लागले होते कारण पी.टी.च्या तासाला बसायची आणि मधल्या सुट्टीत बेंचवर आडवी पडायची. मी पण ओरडलो होतो तिला, ते आता आठवलं की बरं वाटत नाही. एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो, १२ ते १९ वयाच्या मुलांसाठी ३० नाही तर ४०ची वाढ धरतात कारण या वयात नाडी तशीही जास्त उडते. माझ्या मुलीची ३४ आली तेव्हा आम्ही नेट वाचून पॉट्स पॉट्स करत डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी शांतपणे सांगितलं की अजून तिथे पोचलेली नाही, बी-१२ बघा, तर ते फारच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, पाणी वाढवलं, सकाळी उपाशी शाळेत जाणं बंद केलं, पाचेक महिन्यांत ८० टक्के फरक. म्हणून आधी तपासण्या.

बाकी तिचे सांधे फार लवचिक आहेत, अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवते, वर्गात ती करामत दाखवून भाव खायची. डॉक्टरांनी त्याचीही नोंद घेतली, म्हणाले अशा लवचिक सांध्यांच्या मुलींमध्ये उभं राहायचा त्रास जास्त दिसतो. तुमचं तसं आहे का बघा.

गोदाकाठची:

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, कारण मध्ये दोन आठवडे प्रिंटआऊट आणि रांगा यातच गेले.

सांधे माझे लवचिक नाहीत, वाकून पायाची बोटंही धड पकडता येत नाहीत. चार दिवस मोजलं, वाढ ४४ ते ५२. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट. हिमोग्लोबिन १०.९, फेरिटिन ९. बी-१२ बरं आहे, टीएसएच २.१, प्रेग्नन्सी नाही. कागद घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे गेले आणि ताकपीठ ताई, शप्पथ, त्यांनीही पेन खाली ठेवलं. ओपीडीतच उभं केलं, बाहेर पंधरा पेशंट ताटकळत होते तरी. ७० वरून ११७. म्हणाले हे पॉट्सकडेच जातंय पण लोह इतकं कमी असताना मी शिक्का मारणार नाही, आधी लोह भरू, सोबत मीठ-पाणी सुरू करा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा उभं करून बघू. औषध अजून नाही. म्हणजे सातपूरकर दादा, लोहाचं तुम्ही बरोबर बोललात, बीट-खजुरानं भागणार नाही एवढंच.

मुख्याध्यापिका बाईंना चिठ्ठी दाखवली, वर्गात उंच स्टूल मिळालं. परिपाठाला मात्र सगळ्यांदेखत बसायची लाज वाटते. आता तुम्ही सगळे रोजचं कसं निभावता ते सांगा. आणि यासाठी पाय घट्ट दाबून धरणारे मोजे घालतात म्हणे, ते खरंच घालायचे का?

ताकपीठ:

पेन खाली ठेवणारे डॉक्टर मिळाले म्हणजे अर्धं काम झालं. लोहाचं बेस्ट, ते भरल्यावर निम्मं कमी झालं तर माझ्यापेक्षा जास्त आनंद कोणाला नाही होणार.

माझी सकाळ सांगते, त्यातलं तुला काय जमेल ते घे. उशाशी तांब्या, डोळे उघडले की पडल्यापडल्या कोपरावर होऊन दोन ग्लास पाणी, मग दहा मिनिटं कॉटवर पाय खाली सोडून बसायचं, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, मग उठायचं. आंघोळ पाटावर बसून, आपल्या आज्या करायच्या तशी, पाणी कोमट. शॉवरखाली उभं राहायची हौस मी सोडली. पोळ्या डायनिंग टेबलावर बसून लाटते, आणि भाजायला नवरा उभा, त्यामुळे आमच्याकडे पोळ्या जरा करपक्या असतात. दुपारी मोठं ताटभर जेवण नाही, कारण जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं, त्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं. सणाला पुरणपोळी मी खातेच, पण मग तासभर कोणी मला उठवायचं नाही. ताक मात्र जग भरून, जिरं-मीठ घालून, पापड, लोणचं. साबांना सांग, मीठ ओवाळून टाकण्यापेक्षा ताकात टाका :) ओआरएस पण चालतं, पण पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घे आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाल, ते टेट्रापॅकवालं गोड सरबत नको.

परिपाठाला उभंच राहायचं असेल तर पायाची कात्री घालून मांड्या एकमेकींवर दाबून धरायच्या, मुठी आवळायच्या, साडीत कोणाला कळत नाही. अंधारी आलीच तर सरळ उकिडवं बसायचं आणि चपलेचा बंद नीट करायचं नाटक करायचं. मी शालिमारला भर गर्दीत कितीतरी वेळा चपलेचा बंद नीट केलाय, आणि माझ्या चपलांना बंदच नाहीत.

व्यायाम हवाच पण उभ्यानं नाही. मला पहिले तीन महिने चालणं जवळजवळ बंद ठेवायला सांगितलं होतं, फक्त झोपून पाय उचलणं, जमिनीवर बसून ओढायचे व्यायाम आणि पोहणं. त्र्यंबक रोडच्या तरणतलावावर जायचे, पाण्यात शिरलं की पाणीच पायांना दाबून धरतं, चार वर्षांत पहिल्यांदा उभी असून नाडी शंभराच्या खाली बघितली ती तिथे. बाहेर पडताना मात्र शिडीवर थांबायचं, एकदम वजन आल्यासारखं होतं. सुरुवातीला दहा मिनिटांनी दोन दिवस झोपून काढायचे मी, नवरा म्हणायचा हा कसला व्यायाम. मागच्या दिवाळीत पांडवलेणी चढले. तीनदा बसून, शेंगदाणे खात, पण चढले.

औषधाचं सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टर बघतीलच. मला आधी नाडी कमी करायला प्रोप्रानोलोलचा छोटा डोस दिला होता पण मला लहानपणापासून दमा, तो वर आला, तर ते बंद करून इव्हाब्रॅडिन, तेही नाडी कमी करायचंच. त्यानं कधीकधी संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती चमक दिसते, घाबरू नकोस म्हणून सांगून ठेवते, आणि दिवस राहायचा विचार असेल तर ते चालत नाही, ते आधीच सांग डॉक्टरांना. माझ्या ओळखीत एकीला मिडोड्रीन आहे, रक्तवाहिन्या आवळायचं औषध, ते घेतल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही असा नियम, झोपून बीपी चढतं म्हणे. प्रत्येकीचं वेगळं चालतं.

मोजे: गुडघ्यापर्यंतचे घेतलेस तर पैसे पाण्यात, कारण निम्मं रक्त पोटात असतं. कमरेपर्यंतचे घे, ३०-४० एमएमएचजी दाबाचे (दाब पाकिटावर लिहिलेला असतो). मापाला सकाळी लवकर जा, पाय सुजायच्या आत, आणि कॉटवरच घालायचे, उठल्यावर नाही. खरं सांगायचं तर फेब्रुवारीपर्यंत घालते मी, एप्रिलमध्ये नाशिकला ते घालून दाखवणाऱ्याचा मी सत्कार करीन. उन्हाळ्यात मी बाळंतिणीचा पोटपट्टा बांधते, मेडिकलमध्ये मिळतो, साडीच्या आत कळतही नाही, आणि मला तरी मोज्यांपेक्षा त्याचाच गुण जास्त. घरी जाऊबाईंचा वगैरे पडलेला असेल तर आधी तोच बांधून दहा मिनिटं मोजून बघ, मग खर्च कर.

गोदाकाठची:

जाऊबाईंचा मिळाला. बांधून दहाव्या मिनिटाला १०८, न बांधता आजच ११९. उद्या परिपाठाला बांधून जाते.

सातपूरकर:

ताई, मी पण मोजली नाडी, दहाव्या मिनिटाला ८८. पण दहा मिनिटं न हलता भिंतीला उभं राहणं लय बोअर आहे भो.